प्रश्न बंद करण्याआधी

फराळाचं ताट जरा बाजूला ठेवा आणि फोन हातात घ्या. आपल्या अल हैलच्या मराठी ग्रुपवर 'पासपोर्ट' हा शब्द शोधा. 'पासपोर्ट संपत आलाय, नवा कसा करायचा?' हा प्रश्न किती वेळा आला आहे ते मोजा. मी एकदा मोजायला बसलो होतो, पन्नाशी गाठल्यावर नाद सोडला. मग 'पुरणयंत्र' शोधा. तेही दर होळीला न चुकता निघतं.

या ग्रुपचा मी एक अ‍ॅडमिन. ग्रुप सुरू झाला तेव्हापासून, म्हणजे २०१७ पासून. तुमच्यापैकी अनेकांनी माझा तो ठरलेला मेसेज वाचला असेल: 'हा विषय आधी झाला आहे. कृपया वर शोधा. प्रश्न बंद.' हात जोडलेलं चिन्ह शेवटी टाकलं की आपण नम्र आहोत असं वाटायचं. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते त्या शेवटच्या दोन शब्दांबद्दल. प्रश्न बंद कधी करावा, कोणी करावा, आणि बंद केल्यावर विचारणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, याबद्दल.

एक प्रश्न, जो मी बंद केला

२०२२ च्या मार्चमधली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास एका तरुणाने ग्रुपवर लिहिलं, 'कंपनी एनओसी देत नाही म्हणतेय. पुढच्या महिन्यात करार संपतोय. दुसरीकडे ऑफर आहे. काय करू?' नाव सांगत नाही, तुमच्यातलाच आहे. अल हैल उत्तरला एका खोलीच्या घरात बायको आणि लहान मुलीबरोबर राहायचा.

एनओसी हा आपल्या ग्रुपचा पासपोर्टच्या खालोखाल आवडता विषय. मी झोपायच्या तयारीत होतो. सवयीने मेसेज टाकला: आधी झालं आहे, वर शोधा, प्रश्न बंद. त्याने लगेच अंगठा दाखवला. मला वाटलं, काम झालं.

त्याच वर्षीच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद घेताना तो भेटला. मी सहज विचारलं, "काय रे, नोकरीचं काय झालं?" तो म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलंत तसं वर शोधलं. २०१८ चं उत्तर मिळालं. एनओसी नसेल तर दोन वर्षं ओमानबाहेर, असं लिहिलं होतं. मुलीच्या शाळेचं बघायचं होतं, म्हणून कमी पगारावर जुन्याच ठिकाणी आणखी दोन वर्षांचा करार केला."

माझ्या हातातला मोदक हातातच राहिला. कारण ते २०१८ चं उत्तर २०१८ साली बरोबर होतं. जुलै २०१४ पासून तसाच नियम होता. पण १ जानेवारी २०२१ पासून नियम बदलला, आणि करार संपल्यावर दुसऱ्या मालकाकडे जायला जुन्या मालकाच्या एनओसीची अट राहिली नाही. त्याने प्रश्न विचारला तेव्हा नवा नियम लागू होऊन सव्वा वर्ष झालं होतं. ग्रुपमधल्या निदान दहा जणांना ते माहीत होतं. त्यांच्यापैकी कोणी उत्तर देण्याआधीच मी दार लावून घेतलं होतं. सकाळी उठून त्यांनी मेसेज वाचला तेव्हा त्यांना 'प्रश्न बंद' दिसलं, आणि सभ्य माणसं असल्यामुळे ती गप्प बसली.

मग बंदच करू नयेत का?

असं म्हणणं सोपं आहे, पण तेही खरं नाही. ३ ऑक्टोबर २०२१ आठवा. शाहीन चक्रीवादळ बातिनाच्या किनाऱ्यावर धडकलं तो रविवार. सकाळपासून ग्रुपवर प्रश्नांचा पाऊस. वीज जाणार का? पाणी कुठवर आलं? लुलू उघडं आहे का? त्यात कोणीतरी २००७ च्या गोनू वादळाचे जुने व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून टाकले. मग त्या व्हिडिओंवर प्रश्न, प्रश्नांवर विनोद, विनोदांवर हसरे चेहरे.

या सगळ्यात एका ताईंचा मेसेज होता. तळमजल्यावर राहतात, सासूबाईंना चालता येत नाही, कोणाकडे वरच्या मजल्यावर रात्रीपुरती सोय होईल का? तो मेसेज आमच्यापैकी एकाला दिसला तेव्हा तासभर उलटून गेला होता. त्याच्या वर-खाली दोनशे मेसेज जमले होते. सोय झाली, कारण इथे माणसं चांगली आहेत. पण त्यानंतर आम्ही ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असं करून टाकलं. ज्याला खरोखर मदत हवी आहे त्याने थेट फोन करावा असं लिहिलं आणि आमचे नंबर दिले.

तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. प्रश्न बंद करण्याचं खरं कारण हेच असू शकतं: एकाच्या बोलण्यात दुसऱ्याची हाक बुडू नये. अ‍ॅडमिनला कंटाळा आला, हे कारण होऊ शकत नाही.

लोकसभेतला नियम ४१

प्रश्न कोणता घ्यायचा आणि कोणता नाही, हा पेच फक्त आपल्या ग्रुपचा नाही. दिल्लीत संसदेत रोज तो सोडवावा लागतो. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत ४१ वा नियम आहे. खासदाराने विचारलेला प्रश्न कसा असावा, हे त्यात सांगितलं आहे. त्यातल्या काही अटी वाचा आणि आपला ग्रुप डोळ्यांसमोर आणा.

प्रश्नात युक्तिवाद, उपरोध, आरोप किंवा बदनामी नसावी. तो साधारणपणे १५० शब्दांपेक्षा लांब नसावा. त्यात मत विचारू नये आणि काल्पनिक परिस्थितीबद्दल विचारू नये. ज्याचं उत्तर आधीच दिलं आहे ते पुन्हा विचारू नये. सहज मिळणाऱ्या कागदपत्रांत किंवा नेहमीच्या संदर्भग्रंथांत असलेली माहिती मागू नये. आणि एका उत्तरात मावणार नाही इतका मोठा धोरणाचा विषय प्रश्नातून काढू नये.

प्रश्न स्वीकारायचा की नाही, याचा निर्णय अध्यक्षांचा. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष होते दादासाहेब, म्हणजे गणेश वासुदेव मावळंकर. मूळ घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, कर्मभूमी अहमदाबाद. १९५२ पासून १९५६ मध्ये निधन होईपर्यंत ते त्या खुर्चीत होते. आणि त्याच मावळंकरांना अध्यक्षपदावरून दूर करावं, असा ठराव डिसेंबर १९५४ मध्ये सभागृहात आला. चर्चा झाली आणि ठराव फेटाळला गेला. पण त्यातली मला भावलेली गोष्ट वेगळी आहे. असा ठराव चर्चेला असताना अध्यक्षाने त्या बैठकीचं अध्यक्षपद भूषवायचं नाही, असं आपल्या राज्यघटनेनेच ९६ व्या कलमात सांगून ठेवलं आहे. म्हणजे ज्याच्या हातात प्रश्न बंद करण्याचा अधिकार आहे, त्यालाही प्रश्न विचारता येतो, आणि तो प्रश्न तो स्वतः बंद करू शकत नाही.

मी ग्रुपवर प्रश्न बंद केला तर माझ्याविरुद्ध तक्रार कुठे करायची? माझ्याकडेच. हा पहिला दोष.

बंद म्हणजे पुसून टाकणं नव्हे

तुमच्या घरात संगणकाचं काम करणारं कोणी असेल, तर त्यांना 'स्टॅक ओव्हरफ्लो'बद्दल विचारा. २००८ साली सुरू झालेलं हे प्रोग्रॅमर मंडळींचं प्रश्नोत्तरांचं ठिकाण. तिथे प्रश्न बंद करण्याची रीतसर पद्धत आहे. सदस्यांच्या मतांनी प्रश्न बंद होतो. पूर्वी त्यासाठी पाच मतं लागत, २०१९ पासून तीन पुरतात. कारण सांगावं लागतं: हा आधीच विचारलेला आहे, यात पुरेसा तपशील नाही, यात एकाच वेळी फार गोष्टी विचारल्या आहेत, हा नुसत्या मतांचा विषय आहे, किंवा हा इथला विषयच नाही.

माझी मुलगी हेच काम करते. तिने मला दोन गोष्टी समजावून सांगितल्या. पहिली, तिथे बंद झालेला प्रश्न नाहीसा होत नाही. नवी उत्तरं थांबतात, पण प्रश्न दिसत राहतो. विचारणारा तो सुधारू शकतो आणि सुधारल्यावर लोक तो पुन्हा उघडू शकतात. दुसरी, 'आधी विचारलेला आहे' असं म्हणायचं असेल तर तो आधीचा प्रश्न नेमका कुठे आहे, त्याचा दुवा जोडावा लागतो. 'वर शोधा' म्हणून हात झटकता येत नाहीत.

मी म्हटलं, "मग तिथे सगळं छान चालत असेल." ती हसली. "बाबा, नवीन माणसांना तिथे इतकं तोडून बोलायचे की २०१८ मध्ये कंपनीनेच जाहीर लिहून मान्य केलं, आपलं वागणं स्वागताचं नाही, ते बदललं पाहिजे." म्हणजे नियम कितीही चांगले असोत, ते कोणत्या आवाजात सांगितले जातात त्यावर बरंच ठरतं. आपल्याकडे तर लहानांनी मोठ्यांना 'पुन्हा विचारतो हं' म्हणायलाच धीर लागतो.

उत्तरालाही मुदत असते

तुमच्यापैकी जे इथे वीस-पंचवीस वर्षं आहेत, त्यांना हे पटेल. ओमानमध्ये आपण ज्या गोष्टी 'माहीतच आहे' म्हणून सांगतो, त्यातल्या कितीतरी बदलल्या आहेत. गुरुवार-शुक्रवारची सुट्टी १ मे २०१३ पासून शुक्रवार-शनिवार झाली. १६ एप्रिल २०२१ पासून पाच टक्के व्हॅट आला. २०२३ मध्ये नवा कामगार कायदा आला. मवालेहची भाजीची घाऊक मंडई २०२४ मध्ये बर्क्याजवळ खझाईनला गेली, तरी ग्रुपवरच्या जुन्या उत्तरात ती अजून मवालेहलाच आहे. भारत २००५ पासून आणि ओमान २०१२ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, तरी काही जुनी मंडळी नव्या जोडप्याला लग्नाच्या दाखल्यासाठी अजून आपल्या काळातली शिक्क्यांची यादी तोंडपाठ म्हणून दाखवतात. भारतात किती सोनं नेता येतं, या प्रश्नाबद्दल तर बोलायलाच नको. दर सुट्टीच्या आधी तो येतो आणि दर वेळी कोणीतरी पाच वर्षांपूर्वीचा आकडा ठोकून देतं.

म्हणून 'आधी विचारलंय' एवढं पुरत नाही. आधी विचारलंय, आणि ते उत्तर आजही खरं आहे, हे दोन्ही ठाऊक असेल तरच प्रश्न बंद करावा. नाहीतर तोच प्रश्न पुन्हा येणं ही कटकट मानू नये. काहीतरी बदललं असावं, याची ती पहिली खूण असू शकते. त्या तरुणाचा प्रश्न तसाच होता. मी तो जुना समजलो, कारण त्यातले शब्द जुने होते.

जे प्रश्न कोणी न बोलता बंद करतं

आता जरा अवघड भागाकडे येतो. आपल्या शुक्रवारच्या मराठी वर्गात, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, एका चौदा वर्षांच्या मुलीने विचारलं, "पाळीत देवघरात का जायचं नाही? माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना मी काय सांगू?" वर्ग घेणाऱ्या बाईंनी प्रामाणिकपणे तो प्रश्न आयांच्या ग्रुपवर मांडला: आपण मुलींना काय उत्तर देतो? पुढे काय झालं ते माझ्या बायकोने मला सांगितलं. पाच मिनिटं शांतता. मग कोणीतरी रव्याच्या लाडवांचा फोटो टाकला. 'वा, किती छान वळलेत!' विषय संपला.

तिथे 'प्रश्न बंद' असं कोणीही लिहिलं नाही. पण तो माझ्या हात जोडलेल्या मेसेजपेक्षाही घट्ट बंद झाला. कारण कळलं नाही, कोणी केला ते कळलं नाही, आणि पुन्हा उघडायचा कसा तेही कळलं नाही.

असे प्रश्न छापून त्यांची उत्तरं देणारा एक मराठी माणूस होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, पेशाने गणिताचे प्राध्यापक. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत चालवलं. वाचक त्यांना शरीराबद्दल, लैंगिक जीवनाबद्दल असे प्रश्न लिहून पाठवायचे, जे त्यांना घरी, डॉक्टरकडे किंवा मित्राकडेही विचारता येत नव्हते. कर्वे त्यांची सरळ, कोरड्या शब्दांत उत्तरं देत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यावरून ते लेखन अश्लील ठरत नाही, अशी त्यांची बाजू होती. खटला ते हरले. कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र थांबलं नाही.

कर्व्यांचं प्रत्येक मत तुम्हाला पटावं असा माझा आग्रह नाही. मला त्या खटल्यातून एवढंच दिसतं: ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं, हे प्रश्न बंद करण्याचं कारण होऊ शकत नाही. विषय चारचौघांतला नसेल तर जागा बदला. 'हे इथे नको, शनिवारी घरी ये, मी आणि काकू तुझ्याशी बोलतो,' असं म्हणा. पण लाडवांचा फोटो टाकू नका. इथे वाढलेल्या आपल्या मुलांनी मराठीत प्रश्न विचारणं थांबवलं, तर ती उत्तरं दुसऱ्या भाषेत शोधतील. ती त्यांना मिळतीलही. फक्त त्यानंतर ती आपल्याला विचारणार नाहीत.

आम्ही काय ठरवलं

त्या गणपतीनंतर आम्ही चार अ‍ॅडमिन अल हैलच्या किनाऱ्यावर चहा घेत बसलो आणि काही गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्यासमोर ठेवतो, म्हणजे आम्ही चुकलो तर तुम्हाला बोट दाखवता येईल.

जीवावरचा प्रश्न ग्रुपवर चर्चेला ठेवायचा नाही. 'बाळाला १०३ ताप आहे, कोणतं औषध देऊ?' हा प्रश्न ताबडतोब बंद, आणि त्याच क्षणी विचारणाऱ्याला फोन. तातडीसाठी ९९९९ हा नंबर आणि जवळच्या दवाखान्याचा पत्ता आधी, बाकी सगळं नंतर.

आधी झालेला प्रश्न बंद करायचा असेल तर आधीचं उत्तर स्वतः शोधायचं, त्यावरची तारीख बघायची, ते आजही लागू आहे याची खात्री करायची आणि मगच ते जोडायचं. खात्री नसेल तर प्रश्न उघडा राहील.

एखाद्या डॉक्टरबद्दल, शाळेबद्दल किंवा कंपनीबद्दल बरंवाईट विचारलं तर नावासकट चर्चा ग्रुपवर करायची नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी विचारणाऱ्याला स्वतंत्र फोन करावा. अशा माहितीची गरज खरी असते, पण एका वाक्याने कोणाची बदनामीही होऊ शकते.

भांडण पेटलं तर रात्रीपुरतं थांबवायचं, आणि सकाळी उघडायचं. रात्री अकरानंतर कोणताही अ‍ॅडमिन प्रश्न कायमचा बंद करणार नाही. हा नियम माझ्यामुळे आला, हे तुम्ही ओळखलंच असेल.

बंद करताना कारण एका वाक्यात लिहायचं, आणि त्याखाली 'पटत नसेल तर अमुक यांना सांगा' असं दुसऱ्या अ‍ॅडमिनचं नाव द्यायचं. ज्याने बंद केला त्याने त्या तक्रारीचा निवाडा करायचा नाही. हे आम्ही सरळ राज्यघटनेतून उचललं आहे, त्यामुळे निदान हा नियम तरी भक्कम आहे.

आणि शेवटचं: प्रश्न बंद होतो, माणूस नाही. दुसऱ्या दिवशी बंद करणाऱ्याने विचारणाऱ्याला एक फोन करायचा. 'मिळालं का रे उत्तर?' एवढंच विचारायचं. मी मार्च २०२२ मध्ये हा एक फोन केला असता, तर माझी चूक दुसऱ्या दिवशीच उघडी पडली असती, आणि करारावर सही व्हायची होती.

तो तरुण? २०२४ मध्ये त्याचा करार संपला. या वेळी एनओसी नसताना त्याने नोकरी बदलली आणि आता ते तिघं मबेल्याला राहतात. त्याची दोन वर्षं मला परत देता येणार नाहीत. मी त्याची माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "काका, तुमचं चुकलं ते चुकलंच. पण मीही एकदाच विचारून गप्प बसलो." गेल्या वर्षी त्याला आम्ही अ‍ॅडमिन करून घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्याने ग्रुपवरची नेहमीची पस्तीस उत्तरं गोळा केली, प्रत्येकावर तारीख टाकली आणि जी शिळी झाली होती ती खोडली. मवालेहची मंडई त्यानेच खोडली.

तेव्हा मंडळी, या दिवाळीत तुमच्या मनात एखादा अडलेला प्रश्न असेल, मागे कधी आम्ही बंद केलेला, किंवा लाडवांच्या फोटोखाली गेलेला, तर तो पुन्हा विचारा. 'आधी झालंय' असं कोणी म्हणालं तर त्यांना तारीख विचारा. पुरणयंत्राचा प्रश्न मात्र होळीपर्यंत थांबू द्या.

शुभ दीपावली.